मोटरहोममागे ओढायच्या गाडीला टो ब्रॅकेट बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोटरहोममागे, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे, छोटी गाडी चारही चाकांवर ओढून न्यायची आहे, गाडीच्या पुढच्या बाजूला बसवायचा ब्रॅकेट घरी आणून ठेवला आहे, आणि तो स्वतः बसवावा की नाही हे ठरत नाही. बंपर पूर्ण काढावा लागेल का, चेसिसला भोकं पाडावी लागतील का, आणि काम चुकलं तर काय होईल, ही तुमची काळजी आहे. मी बरीच वर्षं हेच काम करत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. बंपरचं प्लास्टिकचं आवरण जवळजवळ प्रत्येक गाडीत काढावं लागतं. भोकं काही गाड्यांत पाडावी लागतात, काहींत कंपनीनेच दिलेल्या भोकांवर काम भागतं. तुम्ही याआधी गाडीखाली झोपून नट-बोल्ट उघडले असतील, टॉर्क पाना (नट ठरलेल्या आकड्यापर्यंतच आवळता यावा म्हणून जोर मोजणारा पाना) वापरता येत असेल आणि अख्खा दिवस मोकळा असेल, तर हे काम तुम्हाला जमेल. ब्रॅकेटसोबतच्या कागदावर तीन-चार तास लिहिलेले असतात. ते रोज हेच करणाऱ्या माणसाचे तास आहेत, पहिल्या वेळी त्याच्या दुप्पट धरा. घाईत असाल तर दुसऱ्या दिवशी करा. या कामात घाईची किंमत रस्त्यावर, मागून येणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

पण खोकं उघडण्याआधी गाडीचं हस्तपुस्तक उघडा आणि चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढण्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. आणीबाणीत गाडी टो करण्याचं पान वेगळं असतं, ते नव्हे. मोटरहोममागे प्रवासासाठी ओढण्याची सूचना वेगळी असते आणि तिच्यात 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं स्पष्ट दिलेलं असतं. हे इतकं महत्त्वाचं का, ते समजून घ्या. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. गाडी ओढली जात असताना इंजिन बंद असतं पण चाकं फिरत असतात, आणि चाकांबरोबर गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत असतो. पंप थांबलेला, तेल खाली बसलेलं, आणि आतले भाग तासन्‌तास कोरडे फिरणारे. गिअर न्यूट्रलमध्ये टाकल्याने यात काही फरक पडत नाही. शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये गिअरबॉक्स जळू शकतो, आणि मोटरहोमच्या स्टेअरिंगवर बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पुष्कळ मॅन्युअल गिअरच्या गाड्या ओढता येतात, पण सगळ्या नाहीत. ज्यांच्या ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीला) स्वतःचा न्यूट्रल आहे अशा फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या या कामासाठी चांगल्या. जीप रँगलर इतकी लोकप्रिय आहे ती त्यामुळेच. तिथे ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकली की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटतो. आणि एकाच नावाच्या गाडीतही वर्षागणिक फरक पडतो. होंडा सीआर-व्ही २०१४ च्या मॉडेलपर्यंत ठरलेली पद्धत पाळून ओढता येत असे. २०१५ मध्ये तिला सीव्हीटी (ठरावीक पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आला आणि ती परवानगी गेली. 'शेजाऱ्याची तीच गाडी आहे आणि तो ओढतो' हे म्हणूनच पुरेसं नाही. तुमच्या वर्षाचं, तुमच्या इंजिनाचं आणि तुमच्या गिअरबॉक्सचं पान काढा.

वजनाचा हिशोबही बसवण्याआधीच करायचा असतो. मोटरहोमच्या दारावरच्या किंवा हस्तपुस्तकातल्या पाटीवर दोन आकडे मिळतील: भरलेल्या मोटरहोमचं कमाल वजन, आणि मोटरहोम अधिक मागची गाडी मिळून कमाल वजन. समजा पहिला आकडा २६,००० पौंड आणि दुसरा ३०,००० पौंड आहे. मोटरहोम पाणी, सामान, माणसं मिळून पूर्ण भरली असेल, तर मागे फक्त ४,००० पौंड उरतात, हिचवर (मोटरहोमच्या मागच्या जोडणीवर) ५,००० लिहिलेलं असलं तरी. हिच, त्यात बसणारा ड्रॉप (उंची जुळवणारा तुकडा), टो बार (हिच आणि ब्रॅकेट यांना जोडणारा दांडा), ब्रॅकेट आणि सुरक्षेच्या केबल, या प्रत्येकावर स्वतःचा आकडा असतो आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमची मर्यादा ठरवतो. गाडी रिकामी तोलू नका. मागच्या सीटवर सायकली, डिकीत खुर्च्या, टाकीत इंधन, जशी प्रवासाला जाणार तशीच काट्यावर न्या.

आता मुख्य विषयाकडे येतो. मला तुम्हाला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे, बाकी सगळं तिच्याभोवती आहे: बरे बनवलेले ब्रॅकेट सहसा तुटत नाहीत, ते सैल होतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत वेल्डिंग फाटलेले ब्रॅकेट फार थोडे होते. बोल्ट ढिले पडून भोकं लंबगोल झालेले ब्रॅकेट मात्र मी पुन्हापुन्हा पाहिले आहेत.

बोल्टने जोडलेला सांधा वजन कसं पेलतो, याबद्दल अनेकांची कल्पना चुकीची असते. त्यांना वाटतं बोल्ट म्हणजे खिळा, तो आडवा उभा राहून जोर अडवतो. प्रत्यक्षात नट आवळताना बोल्ट किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. त्या दाबामुळे पत्र्यांमध्ये जे घर्षण तयार होतं, तेच ओढण्याचा आणि ढकलण्याचा जोर पेलतं. १२ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट योग्य टॉर्कला आवळला तर साडेतीन टनांहून जास्त दाब देतो. तोच बोल्ट हाताच्या अंदाजाने निम्मा आवळला, तर दाब निम्मा. मग प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला ब्रॅकेट केसाएवढा पुढे-मागे सरकतो. एकदा सरकायला लागला की रंग घासतो, पत्रा घासतो, भोक मोठं होतं आणि सैलपणा वाढतच जातो. भोक लंबगोल झाल्यावर नुसता बोल्ट पुन्हा आवळून तो सांधा पूर्वीसारखा होत नाही.

एका गृहस्थांची गाडी माझ्या अजून लक्षात आहे. ब्रेक मारला की पुढून 'टक' असा आवाज येतो, एवढीच त्यांची तक्रार होती. ब्रॅकेट दुसरीकडे बसवलेला होता. बंपर काढला तेव्हा बोल्ट जागेवर होते, नटही होते, आटेही शाबूत. पण बसवणाऱ्याने चेसिसवरचा काळा, जाड, रबरासारखा गंजरोधक थर न खरवडताच ब्रॅकेट त्यावर दाबून आवळला होता. टॉर्क पान्याने त्या दिवशी बरोबर आकडा दाखवला असणार. पण तो मऊ थर नंतर उन्हात, उष्णतेत हळूहळू चेपत गेला, आणि तो जेवढा पातळ झाला तेवढा बोल्टचा ताण निघून गेला. दोन्ही बाजूंची भोकं दीड-दोन मिलिमीटर लांबली होती. त्या गाडीत त्यांची नातवंडं प्रवास करत नव्हती, ती मोटरहोममध्ये होती. पण मागच्या रस्त्यावर दुसऱ्यांची नातवंडं असतात. तेव्हापासून ब्रॅकेट जिथे चेसिसला टेकतो ती जागा मी स्वतःच्या नखाने खरवडून पाहतो. पातळ, कडक मूळ रंग राहिला तर चालतो. मऊ थर, माती, गंजाचे पापुद्रे यातलं काहीही चालत नाही.

कामाला सुरुवात करताना ब्रॅकेटसोबतचा कागद आधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा आणि सगळे नट, बोल्ट, वॉशर, पट्ट्या जमिनीवर मांडून मोजा. गाडीचं वर्ष आणि प्रकार कागदाशी जुळतो का पाहा. त्याच वर्षाच्या गाडीतही साधा बंपर, स्पोर्ट बंपर, टर्बो, फॉग लाइट यांमुळे ब्रॅकेट वेगळा लागू शकतो. बंपर उतरवल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. रोडमास्टर, ब्लू ऑक्स आणि डेम्को हे या कामातले जुने, ओळखीचे उत्पादक आहेत. पण एकाचा टो बार आणि दुसऱ्याचा ब्रॅकेट सरळ जुळेलच असं नाही, मध्ये जोडणीचे तुकडे लागतात. त्या तुकड्यांचाही वजनाचा आकडा तपासा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितली असेल तेवढी वाट पाहा. पुढच्या भागात एअरबॅगचे सेन्सर असतात, त्यांच्याशी वीज चालू असताना खेळू नये. मग फोटो काढायला सुरुवात करा. प्रत्येक क्लिप, प्रत्येक वायरची जागा, प्रत्येक स्क्रू. चाकाच्या कमानीतले स्क्रू एका डबीत, वरच्या क्लिपा दुसऱ्या डबीत, खालच्या संरक्षक पत्र्याचे बोल्ट तिसऱ्या डबीत ठेवा. प्लास्टिकच्या क्लिपा काढताना मधली खुंटी आधी उचलायची, मग बाहेरचा भाग. जुन्या गाडीत दहातल्या दोन-तीन तुटतातच, त्या आधीच आणून ठेवा. आवरण सुटताना मदतीला दुसरा माणूस हवा. एकट्याने ओढलं की दुसरं टोक लोंबतं, फॉग लाइटच्या वायरी ताणल्या जातात आणि रंगावर ओरखडा पडतो. उतरवलेलं आवरण जुन्या रजईवर ठेवा.

आता तुम्हाला आडवा बीम, त्यावरचा फोम आणि मागे एसीचा कंडेन्सर, रेडिएटर दिसेल. कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांसमोर जाड पुठ्ठा लावा. एक निसटलेला पाना ते फोडायला पुरतो. टर्बो असेल तर हवेच्या नळ्याही इथेच कुठेतरी असतात. नव्या गाड्यांत रेडिएटरसमोर उघडझाप करणाऱ्या पट्ट्या असतात. त्या ब्रॅकेटच्या आड येत असतील तर कागदात सांगितलं असेल तेवढंच कापा किंवा सरकवा. पट्टी अडकली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि इंजिन गरम होण्याचा त्रास वेगळाच.

ब्रॅकेट पहिल्यांदा नुसता लावून पाहा, काहीही न आवळता. दोन्ही बाजू चेसिसला सपाट टेकतात का, टो बार जोडायचे दोन्ही कान जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का, एखादी नळी किंवा वायर मध्ये दाबली जाते का, हे सगळं या टप्प्यावर बघायचं असतं. ब्रॅकेट बसत नाही म्हणून हातोड्याने ठोकून बसवू नका. बसत नसेल तर त्याला कारण असतं: गाडीचा पुढचा भाग कधीतरी ठोकला गेलेला असतो, किंवा ब्रॅकेट दुसऱ्या मॉडेलचा असतो. ठोकलेल्या गाडीच्या चेसिसचा सरळपणा मोजून घेतल्याशिवाय मी तिच्यावर ब्रॅकेट बसवत नाही. त्यासाठी गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

चेसिसचा बीम पोकळ चौकोनी असतो, त्यामुळे आत बोल्ट कसा घालायचा हा प्रश्न पडतो. त्यासाठी सेटमध्ये टोकाला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार दिलेली असते. ते गुंडाळलेलं टोक बोल्टच्या भोकातून आत सरकवा आणि जवळच्या मोठ्या भोकातून किंवा बीमच्या उघड्या तोंडातून बाहेर काढा. त्यात आधी जाड चौकोनी पट्टी ओवा, मग बोल्टचे आटे त्या स्प्रिंगमध्ये फिरवून बसवा, आणि तार सावकाश मागे ओढा. बोल्ट भोकातून डोकावला की तार न सोडता ब्रॅकेट त्यावर चढवा, मग तार फिरवून काढा आणि लगेच नट दोन-तीन आटे लावा. ती चौकोनी पट्टी अजिबात वगळू नका. चेसिसचा पत्रा पातळ असतो, पट्टीमुळे बोल्टच्या डोक्याचा दाब मोठ्या जागेवर पसरतो. पट्टी नसेल तर डोकं पत्र्यात रुतत जातं. बोल्ट आत पडलाच तर वाकणाऱ्या दांड्याचं चुंबक कामी येतं.

भोक पाडावं लागलं तर ब्रॅकेटलाच नमुना धरा. काही बोल्ट आधीच्या भोकांत लावून ब्रॅकेट जागेवर पक्का धरा, मगच खूण करा. सेंटर पंच मारा, तीन-चार मिलिमीटरच्या बिटने सुरुवात करा आणि पायरीपायरीने मोठं करत जा. वेग कमी, दाब जास्त, आणि कटिंग ऑइल. निळा पडलेला लोखंडाचा कीस दिसला तर बिट तापतोय, थांबा. बिटवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे तो पलीकडच्या वायरिंगपर्यंत जाणार नाही. कागदात सांगितलेल्यापेक्षा अर्धा मिलिमीटरही मोठं भोक नको. कडा कानसून घ्या, कीस चुंबकाने किंवा हवेने बाहेर काढा, उघड्या लोखंडाला प्रायमर लावा आणि तो पूर्ण वाळू द्या. ओला किंवा जाड रंगही आधी सांगितलेल्या मऊ थरासारखाच त्रास देतो. आणि ज्योतीने भोक पाडणं किंवा ब्रॅकेट चेसिसला वेल्ड करणं, हे मनातही आणू नका. आजच्या गाड्यांचा पुढचा भाग उच्च ताकदीच्या पोलादाचा आणि अपघातात ठरावीक पद्धतीने चुरगळेल असा बनवलेला असतो. उष्णतेने त्याची ताकद त्या जागी बदलते.

आता आवळण्याकडे वळू. इथे वेळ द्या. सगळे बोल्ट, दोन्ही बाजूंचे, आधी फक्त बोटांनी लावा. एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही, कारण एक बाजू आधी पक्की झाली की दुसऱ्या बाजूचं भोक सरकतं आणि मग लोक पेचकस घालून ते ओढून जुळवतात. तो बोल्ट कायम तिरक्या ताणाखाली राहतो. सगळे लागले की उंची पुन्हा मोजा, मग आलटून-पालटून, डावी-उजवी, दोन-तीन फेऱ्यांत शेवटच्या टॉर्कपर्यंत न्या. आकडा कागदात दिलेला तोच. तिथे पौंड-फूट आणि न्यूटन-मीटर दोन्ही छापलेले असतात, चुकून एकाचा आकडा दुसऱ्यासाठी घेऊ नका. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळणं मी कधीच करत नाही. गनला आकडा कळत नाही.

आट्यांना काय लावायचं तेही कागदातच पाहा. थ्रेडलॉकर (नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) सांगितलं असेल तर आटे ब्रेक क्लीनरने तेलविरहित करून लावा. सांगितलेलं नसताना ग्रीस किंवा तेल लावू नका. टॉर्क पाना बोल्टचा ताण मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो. आटे निसरडे असले की त्याच आकड्याला बोल्ट सुमारे एक तृतीयांश जास्त ताणला जातो आणि त्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. गंजलेले, मातीने भरलेले आटे असले की उलट होतं: आकडा दिसतो पण दाब नसतो. सेटमधला एखादा बोल्ट हरवला तर दुकानातला कुठलाही उचलू नका. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं लिहिलेलं असतं, इंची बोल्टवर रेषा असतात, ग्रेड ५ ला तीन आणि ग्रेड ८ ला सहा. कोरं डोकं असलेला बोल्ट या कामाचा नाही. शेवटचा टॉर्क झाल्यावर प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे ती तुम्हाला पान्याशिवाय सांगेल की नट फिरला आहे की नाही.

मूळ आडवा बीम परत बसवायचा की ब्रॅकेटच त्याची जागा घेतो, हे प्रत्येक सेटमध्ये वेगळं असतं. पर्याय असेल तर मूळ बीम जागेवर ठेवणारा ब्रॅकेट मी निवडतो. दोन-चार किलो वजन वाढलं तरी चालेल, पण समोरून धडक झाली तर गाडी बनवणाऱ्याने केलेली रचना शाबूत असावी, असं मला वाटतं. फोम कापावा लागला तर सांगितलेला तुकडाच कापा, सगळा फोम फेकून देऊ नका.

ग्रिलमध्ये किंवा खालच्या जाळीत कानांसाठी जागा कापताना आधी लहान कापा. आवरण चढवून पाहा, उतरवा, पुन्हा थोडं कापा. चार वेळा चढ-उतार झाला तरी हरकत नाही, जास्त कापलेलं परत जोडता येत नाही. आणि पुढच्या रडारकडे लक्ष असू द्या. आपोआप ब्रेक लावणाऱ्या किंवा पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या प्रणालीचा रडार बऱ्याचदा ग्रिलच्या चिन्हामागे किंवा खालच्या जाळीमागे असतो. त्याच्यासमोर लोखंडाचा कान, केबल किंवा वायरिंगचा सॉकेट येता कामा नये. त्याचा कंस जरासा जरी हलला तर त्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. हेडलाइट काढले असतील तर त्यांचा झोतही नंतर तपासा.

सुरक्षेच्या केबल ब्रॅकेटवरच्या त्यांच्यासाठी दिलेल्या कड्यांतच अडकवा, टो बारच्या पिनेत नाही. पिन निसटली तर केबलही तिच्याबरोबर जाईल. दोन्ही केबल टो बारखाली एकमेकींवरून फुलीसारख्या न्या, म्हणजे बार खाली पडला तर त्यांच्या झोळीत अडकेल. वळणावर ताणल्या जाणार नाहीत इतकी ढील हवी, पण रस्त्याला घासतील इतकी नको. काही सेटमध्ये ब्रॅकेटपासून चेसिसच्या दुसऱ्याच भागाकडे जाणारी वेगळी केबल असते. ती 'जादा भाग' समजून खोक्यात ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. सगळे बोल्ट निकामी झाले तरी गाडी अडवून धरणारी तीच असते.

गाडी मोटरहोमपासून सुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लावणारा जो स्विच असतो, तो ब्रॅकेटच्या पक्क्या भागावर बसवा, प्लास्टिकवर नको. त्याच्या दोरीचं दुसरं टोक मोटरहोमच्या चेसिसला किंवा हिचच्या पक्क्या चौकटीला हवं. ते टो बारला किंवा हिचमध्ये घातलेल्या ड्रॉपला बांधलं आणि नेमका ड्रॉपच निसटला, तर दोरी कधीच ओढली जाणार नाही.

मागच्या गाडीला स्वतंत्र ब्रेक हवेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण उत्तर देतो: हवेत. अमेरिकेत आणि कॅनडात किती वजनापुढे ब्रेक सक्तीचे ही मर्यादा राज्यागणिक बदलते, अनेक राज्यांत ती ३,००० पौंड आहे तर काही ठिकाणी त्याहून बरीच कमी. ब्रिटनमध्ये अशी ओढलेली गाडी ट्रेलर समजली जाते आणि ७५० किलोच्या वर ब्रेक लागतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी, १,६०० किलोची ब्रेक नसलेली गाडी जोरात थांबताना टो बारवर सात-आठशे किलोचा धक्का सहज देते, आणि तो सगळा धक्का तुम्ही आज बसवलेल्या बोल्टांवर येतो. मागच्या गाडीने स्वतःचं वजन स्वतः थांबवलं तर ब्रॅकेटचं आयुष्य कितीतरी वाढतं.

वायरिंगबद्दल थोडंच सांगतो. मोटरहोमचे इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे मागच्या गाडीच्या दिव्यांना द्यायचे असतील तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लागतात, नाहीतर वीज उलटी गाडीच्या संगणकाकडे जाऊ शकते. ज्यांना गाडीच्या वायरिंगला हात लावायचा नाही ते मागच्या दिव्यांच्या घरात वेगळे बल्ब बसवतात. तेही उत्तम. स्टेअरिंगचं लॉक उघडं राहावं म्हणून बऱ्याच गाड्यांत इग्निशन एका ठरावीक स्थितीत ठेवावं लागतं, आणि त्यात बॅटरी हळूहळू उतरते. मोटरहोमकडून एक बारीक चार्जिंगची तार फ्यूजसह ओढून घ्या, संध्याकाळी गाडी सुरू न होण्याचा त्रास वाचेल.

बार जोडण्याआधी सपाट जमिनीवर हिचची उंची आणि ब्रॅकेटच्या कानांची उंची मोजा. फरक तीन इंचांच्या आत हवा. हिच त्याहून उंच असेल तर ड्रॉप लावा. बार तिरका असला की ब्रेक लावताना तो गाडीचं नाक खाली दाबतो आणि मोटरहोमची मागची बाजू वर उचलतो. ब्रॅकेटवर तेव्हा असा पिळ पडतो ज्यासाठी तो बनवलेलाच नाही.

बार जोडला की मोटरहोम सावकाश पुढे घ्या, एक डावं, एक उजवं वळण घ्या, आणि बारचे दोन्ही हात लॉक झाल्याचं खाली उतरून डोळ्यांनी पाहा. मागच्या गाडीची चाकं फिरत आहेत ना, स्टेअरिंग मोकळं आहे ना, दिवे लागतात ना, हेही तेव्हाच पाहा. आणि मागे घ्यायचं नाही. एक मीटरही नाही. पुढे जाताना गाडीची पुढची चाकं आपोआप सरळ होतात, ती तशी रचलेली असतात. मागे ढकललं की तीच रचना उलटी चालते, चाकं एका बाजूला पूर्ण वळतात आणि टायर आडवे घासत जातात. तो सगळा आडवा जोर टो बारच्या हातांवर आणि ब्रॅकेटच्या कानांवर येतो. वाकलेले कान मी पाहिले आहेत ते बहुतेक पेट्रोल पंपावर 'जरासं मागे' घेतलेल्या गाड्यांचे. अडकलात तर गाडी सोडवा, दोन्ही वेगवेगळ्या हलवा, पुन्हा जोडा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिल्या प्रवासात ऐंशी-शंभर किलोमीटरवर थांबा आणि टॉर्क पान्याने प्रत्येक बोल्ट तपासा. नवा सांधा बसतो, रंग थोडा चेपतो, त्यामुळे एखादा नट पाव फेरा फिरला तर घाबरू नका, टॉर्कला आणा आणि रंगाची रेघ नव्याने ओढा. त्यापुढे दर थांब्यावर नुसती रेघ पाहा आणि पिनांच्या क्लिपा हाताने ओढून पाहा. वर्षातून एकदा खालचा पत्रा उतरवून वेल्डिंगच्या कडा स्वच्छ पुसा आणि टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहा, कारण बारीक चीर समोरच्या उजेडात दिसत नाही. दुसऱ्यांदा तपासताना तोच नट पुन्हा फिरला, तर आवळून पुढे जाऊ नका. गाडी सोडवा, ती स्वतः चालवत घरी न्या, आणि बंपर उतरवून त्या नटाखाली काय चेपतंय ते शोधा.